बायपासनंतरची जखम : एका ब्लाउज शिवणारीचा अनुभव

अँजिओग्राफीत माझ्या तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले. शुगर जुनी, त्यामुळे स्टेंट घालण्यापेक्षा बायपास बरी, असं डॉक्टरांचं मत पडलं. त्या दिवसापासून आमच्या घरात फक्त हृदयाचं बोलणं सुरू झालं. हृदय थांबवतात म्हणजे काय, परत सुरूच नाही झालं तर काय. वन्सं तर देवीला नवस बोलून आल्या. पुण्यात सर्जनना भेटलो तेव्हा मात्र त्यांनी हृदयाचं पाच मिनिटांत उरकलं. कागदावर चित्र काढलं, इथून इथे नवीन रक्तवाहिनी जोडणार म्हणाले, झालं. उरलेला सगळा वेळ ते भलतंच विचारत होते. शुगर किती राहते, वजन किती, मिश्री, तपकीर, तंबाखू काही आहे का, दम्याचा त्रास आहे का, किडनीचा आहे का, दात हलतात का, अंगावर कुठे न भरलेली जखम, पुळी, खाज आहे का. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, की हे नक्की हार्टचेच डॉक्टर ना?

मग त्यांनीच उलगडून सांगितलं. "काकू, हृदयाचं काम माझं, ते मी काही तासांत करून देईन. पण तिथं पोचायला मला छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत उभं कापावं लागतं. नंतर ते स्टीलच्या तारांनी बांधून टाकतो. ते जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण ताकद यायला तीन महिने. तेवढ्या काळात तिथं जंतू शिरले तर माझी सगळी मेहनत बाजूला राहते." खोलवर, हाडापर्यंत जाणारं इन्फेक्शन शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं. पण ते ज्याला होतं त्याचे हाल विचारू नका, असं ते म्हणाले. आणि कुणाला होण्याची शक्यता जास्त, हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येतं: शुगर असलेला, लठ्ठ, तंबाखूवाला, फुप्फुसं किंवा किडनी कमजोर असलेला, आणि अटॅक येऊन घाईघाईत टेबलावर घ्यावा लागलेला. यातल्या पहिल्या दोन ओळींत मी बसत होते.

माझी तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, 9.6 निघाली. त्यांना ती साडेसातच्या आसपास हवी होती. शुगर चढलेली असली की रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून जखमेपर्यंत रक्तही नीट पोचत नाही. माझं दुखणं तूर्त स्थिर होतं, म्हणून थांबायला सवड होती. गोळ्या आवरत्या घेऊन इन्सुलिन सुरू केलं आणि काही आठवड्यांनंतरची तारीख दिली. घरच्यांना हे अजिबात पटलं नाही. ब्लॉक असताना वाट कसली बघायची, दुसरा डॉक्टर बघू, इथपर्यंत बोलणं गेलं. मला मात्र पटलं. मापं चुकलेली दिसत असताना कापड कापायला घेणारा माणूस कारागीर नव्हे.

वजन कमी करायचं म्हणून वन्संनी मला उपासाला बसवायचा घाट घातला होता. भगर आणि रताळी. डॉक्टरांनी तो एका वाक्यात मोडून काढला. जखम भरायला प्रथिनं लागतात. उपाशी ठेवून आणलेला पेशंट लठ्ठ पेशंटइतकाच धोक्याचा. मग अंडी, डाळी, मटकीची उसळ, ताक असं सुरू झालं, भात कमी झाला आणि संध्याकाळचं चालणं वाढलं, तेही छातीत भरून येणार नाही इतपतच.

दुसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टर मुलीनं मला पडद्याआड नेलं आणि सरळ म्हणाली, "काकू, स्तनांखाली बघू द्या." तिथं घामानं कायम लाल झालेलं असायचं. आमच्या विट्याच्या उन्हाळ्यात शिलाई मशीनवर बसणाऱ्या प्रत्येक जाड बाईला ते असतं, आणि ते काही डॉक्टरला सांगायचं दुखणं आहे असं आमच्यात कुणी धरत नाही. आमच्या दुकानात बायका माप देताना हात वर करतात तेव्हा मला ते दिसतं. त्याही बोलत नाहीत, मीही बोलत नाही. ही मुलगी म्हणाली, ही बुरशी आहे आणि तुमच्या टाक्यांचं खालचं टोक बरोबर इथून दोन बोटांवर येणार. मलम दिलं, अंघोळीनंतर तिथं कोरडं करून मग कपडा घालायचा, दिवसातून दोनदा बदलायचा. ऑपरेशनपर्यंत कातडी साफ झाली. पुरुष सर्जननं विचारलं असतं तर मी "काही नाही" म्हणाले असते, हे मला माहीत आहे. त्यामुळे त्या मुलीला तिथं बसवायची अक्कल ज्याची कुणाची असेल त्याला माझा नमस्कार.

नाकातूनही कापसाच्या काडीनं नमुना घेतला. पुष्कळ धडधाकट माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू मुक्कामाला असतो. एरवी तो काही करत नाही, पण छाती उघडल्यावर हाच जखमेत उतरतो. माझ्याही नाकात तो निघाला. ऑपरेशनच्या आधी पाच दिवस नाकात मलम लावायचं आणि आदल्या रात्री व सकाळी औषधी साबणानं मानेपासून पायापर्यंत अंघोळ. पायावरचे केस काढायचे होते, कारण रक्तवाहिनी पायातून घेणार होते. ह्यांनी आपलं दाढीचं ब्लेड काढून ठेवलं होतं. सिस्टरनी ते हातातून काढून घेतलं. ब्लेडनं कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना तेवढी फट पुरते, म्हणून मशीननं केस फक्त आखूड करायचे. दात तपासले. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनला ते जास्त काटेकोरपणे बघतात, पण माझी एक किडलेली दाढही त्यात निघाली.

महात्मा फुले योजनेचे कागद आरोग्यमित्राच्या टेबलावर मुलानं केले. रेशनकार्ड, आधार, अँजिओची सीडी, मंजुरी. त्यात फार सांगण्यासारखं नाही.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत माझं खरं काम मात्र दुकानात चाललं होतं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलं होतं की ऑपरेशननंतर छातीला पट्टा बांधतात, पण तो पुरुषी छातीला बेतलेला असतो. बाईला तो बसत नाही, वर सरकतो. भारी स्तन दोन्ही बाजूंना आणि खाली ओढत राहतात आणि जखमेच्या खालच्या टोकावर ताण येतो. त्यासाठी तार नसलेली, रुंद पट्ट्यांची, पुढून उघडणारी ब्रेसियर रात्रंदिवस घालायची. सर्जिकलच्या दुकानांत मुलगा हिंडला. जे मिळालं त्याचे हूक बरोबर मधोमध, म्हणजे नेमके टाक्यांवर. हे कुणी बेतलं असेल त्यानं एकदाही बाईची जखम बघितलेली नसणार.

मग मी स्वतःच बेतायला घेतलं. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आतून, वरून टू बाय टू रुबिया. उघडी बाजू मधून तीन बोटं डावीकडे सरकवली, म्हणजे हुकांची पट्टी जखमेवर येणार नाही. मधल्या भागात एकही शिवण नाही, सलग एक तुकडा. खांद्याच्या पट्ट्या चार बोटं रुंद, आणि त्याही पुढून सोडता येतील अशा, कारण हात मागे न्यायला बंदी असणार होती. खाली रबर नाही. रबर घामानं कातडीत रुततं. त्याऐवजी रुंद पट्टा आणि त्याला हुकांच्या तीन ओळी, सूज कमी-जास्त होईल तसं सैल-घट्ट करायला. सहा शिवल्या, रोज धुतलेली मिळावी म्हणून. फिजिओच्या मुलीला दाखवल्या तेव्हा तिनं उलटसुलट करून बघितल्या आणि फोटो काढून घेतला.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी आणखी एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली. छातीच्या हाडाच्या दोन्ही कडांना आतून एकेक रक्तवाहिनी असते, मॅमरी म्हणतात तिला. तीच काढून हृदयाला जोडली की वर्षानुवर्षं टिकते. दोन्ही जोडल्या तर आणखी चांगलं. पण छातीच्या हाडाला रक्त देणाऱ्याही त्याच. शुगर असलेल्या लठ्ठ बाईच्या दोन्ही काढल्या तर हाड उपाशी पडतं, आणि उपाशी हाड जुळतही नाही, जंतूंशी लढतही नाही. म्हणून माझी फक्त डावी घेणार, बाकीचं काम पायातल्या शिरेवर भागवणार. दोन चांगल्या गोष्टींतली एक सोडून द्यायची, आणि का ते पेशंटला सांगायचं, याला वेळ लागतो. त्यांनी तो दिला.

थिएटरमधलं एवढंच आठवतं की थंडी खूप होती आणि कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "अँटिबायोटिक किती वाजता गेलं?" दुसऱ्यानं वेळ सांगितली. हे औषध पहिला छेद घेण्याच्या आधीच्या तासाभरात जावं लागतं, म्हणजे चाकू लागतो तेव्हा ते रक्तात हजर असतं. पुढे ते दोन दिवसांत बंद केलं. तेव्हा ह्यांनी सिस्टरशी वाद घातला, एवढं मोठं ऑपरेशन आणि दोनच दिवस? जास्त दिवस देऊन इन्फेक्शन कमी होत नाही, जंतू मात्र औषधाला निर्ढावतात, असं त्यांना समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे सलाइन आणि अँटिबायोटिक जितकं जास्त तितकी ट्रीटमेंट भारी, हा हिशेब डोक्यात पक्का बसलाय.

आयसीयूत जाग आली तेव्हा घशात नळी होती. ती लवकरात लवकर काढायची त्यांना घाई होती, कारण नळीवर जितका जास्त काळ तितका न्यूमोनियाचा धोका. इन्सुलिन पंपानं चालू आणि दर तासाला बोटाला टोचणी. शुगर 180 च्या वर जाऊ द्यायची नव्हती. बोटांची चाळण झाली. पलीकडच्या कॉटवरच्या गृहस्थांच्या छातीतल्या नळ्यांतून रक्त थांबेना, त्यांना रात्री परत आत नेऊन उघडलं. तेव्हा मला फक्त कॉट ढकलल्याचा आवाज कळला. त्याचा अर्थ नंतर कळला.

वॉर्डात आल्यावर लढाई फुप्फुसांची. छातीत इन्फेक्शन म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच काहीतरी वाटतं, पण धोक्याच्या जागा दोन असतात, एक जखम आणि हाड, दुसरी फुप्फुसं. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, तिथं कफ साचतो आणि सडतो. त्यासाठी ते तीन निळ्या बॉलचं खेळणं देतात. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात. सगळे पेशंट आधी त्यात फुंकर मारतात. ओढायचं असतं, फुंकायचं नसतं. माझा पहिला बॉल नुसता थरथरायचा. फिजिओची मुलगी म्हणायची, "काकू, जोरात नको, हळू आणि लांब. बॉल वर धरून ठेवा." जागी असेन तेव्हा दर तासाला दहा वेळा. खोकताना उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळायची. उशी नसताना एकदा शिंक आली, ती मी शत्रूलाही देणार नाही.

शेजारच्या कॉटवर एक आजी होत्या. त्यांना विचारलं होतं, तंबाखू खाता का? नाही म्हणाल्या. विडी ओढता का? छे! पण त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या, चाळीसेक वर्षं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे त्यांच्या लेखी कधी तंबाखूत धरलेलंच नव्हतं. सुनेनं सांगितल्यावर डॉक्टरांना कळलं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, जखमेला रक्त कमी मिळतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी काही आठवडे तरी मिश्री बंद ठेवावी लागते. आजींची सून तेव्हा जे बोलली ते मला पटलं, "तुम्ही 'मिश्री' म्हणून विचारायचं ना. आमच्यात ते दात घासणं असतंय." आमच्या सर्जननी नाव घेऊन विचारलं होतं, आजींचा फॉर्म दुसऱ्या कुणीतरी भरला होता. आजींना पुढे कफ झाला, ताप आला आणि मी घरी निघाले तेव्हा त्या अजून ऑक्सिजनवर होत्या.

घरी सोडताना यादी मिळाली. उठताना हातांवर भार टाकायचा नाही. कुशीवर वळून पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे कळशी नाही, भरलेला कुकर नाही, नातू नाही. खाली बसायचं नाही. जखमेवर तेल, हळद, पावडर काही नाही. पाण्यानं धुवायची आणि टिपून कोरडी करायची. हळदीवरून वन्संशी दोन दिवस अबोला झाला. एका ब्लाउजवालीला कळेल अशा भाषेत डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती: ताण आला की सहसा तार तुटत नाही, ती हाड चिरत जाते. हे मला सांगायला नको होतं. घट्ट कपड्यात धागा शाबूत राहतो आणि टाक्यापाशी कापड फाटतं, हे मी रोज बघते.

भेटायला येणाऱ्यांना ह्यांनी ओटीवरूनच परत पाठवलं. त्याबद्दल गावात अजून बोललं जातं.

तरीही जखमेच्या खालच्या टोकाला एक दिवस लाल दिसलं आणि ब्रेसियरच्या आतल्या कापडावर पिवळट डाग आला. पांढरं अस्तर घातल्याचा हा फायदा. रंगीत असतं तर दिसला नसता. इथं दाखवू, ड्रेसिंग करून घेऊ, असं सगळे म्हणत होते. पण डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिलं होतं की पाणी आलं, ताप आला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं किंवा छातीत हाड 'कट्' वाजलं, तर बाहेर औषध न घेता आमच्याकडे या. सुरुवातीलाच भलतं अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू कोणता ते कल्चरमध्ये सापडत नाही.

तिथं आधी नमुना घेतला, मग रक्त. मग सर्जननी दोन्ही तळवे जखमेच्या दोन बाजूंना ठेवले आणि म्हणाले, "खोका." मी खोकले. त्यांनी डोळे मिटले होते. पुन्हा खोकायला लावलं. हाड हलत नव्हतं. वरवरचं आहे, म्हणाले, कातडी आणि चरबीपुरतं. खालच्या टोकाचे दोन टाके उघडून आतलं साफ केलं, रोजचं ड्रेसिंग लावलं आणि कल्चरचा रिपोर्ट आल्यावर त्याप्रमाणे गोळ्या दिल्या. त्या काळात शुगर दोनदा वर गेली. इन्फेक्शननं शुगर चढते आणि चढलेल्या शुगरनं इन्फेक्शन वाढतं, त्यामुळे इन्सुलिनचा डोस वाढवला.

ड्रेसिंगच्या खोलीत एक ट्रक चालवणारे भाऊ भेटायचे. त्यांच्या छातीवर काळा स्पंज, त्यावर चिकटलेला पारदर्शक कागद आणि त्यातून निघालेली नळी एका पेटीला लावलेली. पेटी सारखी गुरगुरायची आणि आतलं पाणी ओढून घ्यायची. त्यांचं हाडापर्यंत गेलं होतं. हाड हलायला लागलं, तारा काढाव्या लागल्या, सडलेला भाग साफ करावा लागला. आता जखम आतून स्वच्छ, निरोगी लाल झाली की छातीचाच स्नायू सरकवून खड्डा भरणार होते. अँटिबायोटिक शिरेतून, कित्येक आठवडे. ते स्वतःच सगळं सांगत. विड्या पंचवीस वर्षं, अटॅक येऊन रस्त्यावरून थेट टेबलावर, आणि रात्री रक्त थांबेना म्हणून परत उघडलं. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. आयसीयूत पलीकडच्या कॉटवर होते तेच हे. घाईत झालेलं ऑपरेशन, पुन्हा उघडणं, भरपूर रक्त चढवणं, प्रत्येकानं धोका वाढतो, हे मला सर्जननी आधीच सांगितलं होतं. मला कुठलीच घाई नव्हती, माझ्याकडे आठवडे होते. त्यांच्याकडे तास होते. त्यांचं नशीब आणि माझी शिस्त असा हिशेब कुणी मांडायला लागलं तर तो मला मान्य नाही. विड्या वगळल्या तर त्यांच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं.

माझी जखम भरली. तीन महिन्यांनी एक्स-रेत छातीच्या मधोमध तारांचे पीळ एकाखाली एक दिसले. ते आता कायमचे. मशीनवर बसायची परवानगी मिळाली. मोटार बसवून घेतली आहे, हातचाक फिरवत नाही. कपड्यांचे गठ्ठे मुलगा उचलतो.

फिजिओच्या मुलीनं माझा नंबर चार जणींना दिला आणि तशा ब्रेसियर शिवून न्यायला बायका यायला लागल्या. परवा पलूसकडची एक आली. बायपासची तारीख पुढच्या महिन्यात. माप घेताना बघितलं तर स्तनांखाली लालभडक. शुगर विचारली तर म्हणाली, "असंल दोनशेच्या आसपास." मिश्रीचं नाव घेऊन विचारलं, सुनेकडे बघत तिनं मान हलवली. मी टेप गुंडाळून ठेवली आणि तिला म्हटलं, आधी डॉक्टरला फोन करून हे तिन्ही सांग, मलम सुरू कर आणि ती तीन महिन्यांची तपासणी करून रिपोर्ट घेऊन ये. मग माप घेऊ. ॲडव्हान्स घेतला नाही.